व्हर्जिलच्या कृषिकाव्यातील निवृत्त सैनिक

युद्ध संपल्यावर सैनिकाने शस्त्र खाली ठेवावे, नांगर हाती घ्यावा आणि मुलाबाळांसह उर्वरित आयुष्य शेतावर घालवावे, ही कल्पना रोमन लोकांना फार प्रिय होती. परंपरेनुसार इ. स. पू. ४५८ मध्ये चार युगेरांच्या शेतावरून सर्वाधिकारी म्हणून बोलावला गेलेला व विजय मिळवून पुन्हा घरी परतलेला किंकिनाटस हा या कल्पनेचा आदर्श होय. (एक युगेरम म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे २५ गुंठे, म्हणजे या थोर पुरुषाची जमीन अडीच एकरच होती.) व्हर्जिलचे ‘जॉर्जिक्स’ हे शेतीवरील चार सर्गांचे काव्यही याच आदर्शाच्या प्रकाशात वाचण्याचा प्रघात आहे. इ. स. पू. २९ मध्ये पूर्वेकडील मोहिमेवरून परतणाऱ्या ऑक्टेव्हियनला कवीने ते वाचून दाखविले, असे त्याच्या प्राचीन चरित्रात म्हटले आहे. त्यावरून, सैन्यातून मुक्त झालेल्या शिपायांचे मन भूमीकडे वळविण्यासाठीच हे काव्य रचले गेले, असे अनुमानही काही टीकाकारांनी काढले. प्रस्तुत लेखकास ते ग्राह्य वाटत नाही. काव्य उघडून पाहिले असता असा निवृत्त सैनिक त्यात जवळजवळ औषधालाही सापडत नाही, आणि जेथे सापडतो असे म्हणता येईल ते स्थळ या अनुमानाच्या विरुद्धच साक्ष देते.

प्रथम थोडा इतिहास पाहणे अवश्य आहे. इ. स. पू. ४२ मध्ये फिलिप्पीच्या रणांगणावर ब्रूटस व कॅसियस यांचा पराभव झाल्यावर विजयी सैन्याला कबूल केलेली जमीन देण्याची जबाबदारी ऑक्टेव्हियनवर आली. त्यासाठी इटलीतील अठरा नगरे आधीच मुक्रर झाली होती. तेथील कसणारे कुळवाडी उठविले गेले व त्यांच्या जागी शिपाई बसविले गेले. क्रेमोनाची जमीन पुरेना, तेव्हा शेजारच्या मांटुआचीही घेतली गेली. आणि व्हर्जिल त्या मांटुआ परिसरातला. त्याच्या ‘एक्लॉग्ज’मधील पहिल्या व नवव्या गोपगीतांत हे दुःख स्पष्ट उमटले आहे. मेलिबीयस गाव सोडून निघतो तेव्हा, आपण राबून तयार केलेले हे शेत आता कोणा अधर्मी शिपायाच्या घशात जाणार, या विचाराने तो कळवळतो. सैनिक येथे शेतकरी होण्यासाठी येत नाही. तो शेतकऱ्याला हुसकण्यासाठी येतो.

होरेसचे उदाहरण याहून झोंबणारे आहे. स्वतः होरेस फिलिप्पी येथे पराभूत पक्षाकडून लढला आणि वडिलार्जित जमीन गमावून बसला. त्याच्या उपहासिकांच्या दुसऱ्या पुस्तकात ओफेलस नावाचा एक वृद्ध येतो. त्याचे शेत आता उंब्रेनस नावाच्या इसमाच्या नावावर चढले आहे (हा उंब्रेनस निवृत्त शिपाई होता, असे भाष्यकार मानतात) आणि ओफेलस त्याच शेतावर आपल्या मुलांसह खंडाने राबतो आहे. म्हणजे सैनिकाला जमीन मिळाली तरी तो शेतकरी झाला असे नाही. तो जमीनमालक झाला. नांगर पूर्वीच्याच हातांत राहिला.

‘जॉर्जिक्स’कडे वळताना ही पार्श्वभूमी विसरून चालत नाही. पहिल्या सर्गाच्या शेवटी सैनिक व शेतकरी एकत्र येतात खरे, पण कसे? पुढे केव्हातरी नांगरताना शेतकऱ्याला गंजलेले भाले लागतील, रिकाम्या शिरस्त्राणांवर कुदळ आपटेल आणि उघड्या पडलेल्या अस्थी पाहून तो विस्मित होईल, असे कवी म्हणतो. एक जिवंत, दुसरा मातीखाली. आणि जिवंताला मृताची ओळखही नाही. दुसऱ्या सर्गातील सुखी शेतकऱ्याच्या प्रसिद्ध वर्णनात घर, पत्नी, गळ्यात पडणारी मुले व नातवंडे सर्व काही आहे. रणांगणाची स्मृती मात्र नाही. भावाच्या रक्ताने माखलेले लोक त्याच्या अगदी आधी येतात, ते विरोधासाठी.

आता तो अपवाद. चौथ्या सर्गात मधमाश्यांच्या निरूपणात मध्येच कवीला टारेंटमजवळ पाहिलेला एक वृद्ध आठवतो. तो किलिकियातील कोरिकसचा. पाँपेने इ. स. पू. ६७ मध्ये चाच्यांचा बीमोड केल्यावर त्यांपैकी काहींना दक्षिण इटलीत कालाब्रियात जमिनी दिल्या, अशी नोंद टीकाकार सर्व्हियस याने या स्थळी केली आहे. सर्व्हियसचा प्रत्येक शब्द प्रमाण मानावा असे नाही; ‘कोरिकसचा’ म्हणजे केवळ कुशल माळी, असाही अर्थ कोणी करतात. पण वृद्धाचे वय, मूळ स्थान व वसतीची जागा या तिन्ही गोष्टी त्या नोंदीशी जुळतात. ती मान्य केल्यास या काव्यात शेतीकडे वळलेला लढवय्या एकच ठरतो, आणि तो विजयी रोमन शिपाई नसून रोमचा पराभूत शत्रू आहे.

त्याला मिळालेली जमीन कोणती, हे कवीने मुद्दाम सांगितले आहे. थोडेसे युगेर, तेही टाकून दिलेले. तेथे ना नांगर चालावा, ना गुरे चरावीत, ना द्राक्षे पिकावीत. ही वरवर पाहता दारिद्र्याची खूण आहे, परंतु तिचा दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा: या जमिनीसाठी कोणालाही उठवावे लागले नाही. मांटुआच्या कवीला लढवय्याच्या हाती कुदळ द्यावीशी वाटली ती अशाच भूमीवर. हा प्रश्न केवळ कवीच्या मनातला नव्हता. इ. स. पू. ३० मध्ये सैनिकांना वसविताना आपण नगरांना जमिनीची किंमत दिली, असे ऑक्टेव्हियनने पुढे आपल्या कार्यवृत्तान्तात लिहविले. अशा दोन प्रसंगी मिळून इटलीतील जमिनींसाठी सुमारे ६० कोटी सेस्टर्शियस मोजल्याचे तो सांगतो, आणि असे करणारा पहिला व एकटा आपणच, असा अभिमानही मिरवतो.

या वृद्धाचे सुख खरे आहे. वसंतातला पहिला गुलाब व शरदातले पहिले सफरचंद त्याच्याकडेच. रात्री घरी येऊन तो विकत न घेतलेल्या अन्नाने पाने भरतो. तथापि एक तपशील टीकाकारांच्या नजरेतून बहुधा निसटतो. ‘एक्लॉग्ज’मध्ये नासपतीचे कलम बांधणे ही पुढच्या पिढीसाठीची कृती आहे, नवव्या गीतात फळे नातवंडे तोडतील असे म्हटले आहे, आणि मेलिबीयस निघताना त्याच कलमांचा कडवट उपहास करतो. कोरिकसचा वृद्ध मात्र रोपे लावीत नाही. वाढलेले एल्म, खोड टणक झालेली नासपती, फळे धरू लागलेली झाडे तो उपटून रांगेने लावतो. आयुष्याचा उत्तरार्ध सुरू झाल्यावर भूमीकडे आलेल्या माणसाला रोप वाढण्याची वाट पाहता येत नाही. त्याच्या बागेत पत्नी, पुत्र वा नातू यांचा उल्लेखही नाही. कुटुंबासह शेती करणारा निवृत्त सैनिक हे जे चित्र या काव्यावर लादले जाते, त्यातील कुटुंब कवीने येथेही दिलेले नाही. सावली देणारा चिनार आहे, त्याखाली मद्य पिणारे कोणी आहेत, एवढेच. पुढे जागा अपुरी असल्याचे सांगून व्हर्जिल उद्यानांचा विषय इतरांवर सोपवितो आणि मधमाश्यांकडे परततो.