तीस-पस्तीस उंबऱ्यांचे गाव

दिवाळीच्या चार दिवसांत घराघरातून एक संवाद हमखास ऐकू येतो. फराळाचे ताट पुढे असते, अंक हातोहात फिरत असतात, आणि घरातले कोणी कर्ते माणूस सुस्कारा टाकून म्हणते, ‘‘पुरे झाले हे शहर! आता कुठल्याशा लहान खेड्यात जाऊन राहावे.’’ यावर गृहिणी हसते, कारण पाण्याची घागर कोणाच्या डोक्यावर येणार हे तिला ठाऊक असते. तो सुस्काराही खोटा नसतो आणि ते हसूही खोटे नसते. आपल्या मराठी कादंबरीने या दोहोंपैकी कोणाची बाजू घेतली, हे पाहण्यासारखे आहे.

लहान गावाचे नाव काढले की व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ आठवते. १९५५ साली ती प्रसिद्ध झाली. माणदेशातली, औंध संस्थानच्या मुलुखातली ही धनगरांची वस्ती. घरे तीस-पस्तीस. तिथल्या शाळेवर एक पोरसवदा मास्तर नेमला जातो आणि पायी वाट तुडवीत गावात येतो. शाळेत पोरे नाहीत, कारण पोरे मेंढरांमागे रानात. मास्तर इतका लहान की गावाला तो आधी मास्तर वाटतच नाही. म्हातारा कारभारी त्याला जोखून पाहतो, मग हळूहळू जवळ करतो. पुढे मास्तर पत्रे लिहितो, अर्ज करतो, भांडणे ऐकून घेतो, तालुक्याच्या गावी गेला तर दहा जणांची दहा कामे घेऊन येतो. शिकवणे हा त्याच्या दिवसाचा एक लहानसा भाग होऊन बसतो.

पुष्कळ वाचक या कादंबरीची वाखाणणी करताना तिच्यातले रान, मेंढरे आणि आभाळ यांच्याविषयीच बोलतात. माडगूळकर चित्रकारही होते, तेव्हा हे स्वाभाविकच आहे. परंतु मला तिची थोरवी निराळ्याच ठिकाणी दिसते. लहान गावात माणसाचे काय होते, हे तिने दोन प्रसंगांत दाखवले आहे. एक प्रसंग तालमीचा. गावाला तालीम हवी असे ठरते आणि ज्याच्याकडे जे आहे ते तो देतो. बहुतेकांकडे अंगमेहनतच असते. भिंती उभ्या राहतात, उद्‌घाटनाला प्रत्यक्ष राजेसाहेब येतात. दुसरा प्रसंग खणाचा. कारभाऱ्याची अंजी चोळी शिवून आणण्यासाठी मास्तरजवळ खण देते. गोष्ट एवढीशी. पण तिचा बोभाटा होतो आणि बापासारखी माया करणारा कारभारी तोंड फिरवतो.

या दोन्ही गोष्टी एकाच मुळातून आल्या आहेत. जिथे प्रत्येकाचा हात लागतो म्हणून तालीम उभी राहते, तिथे प्रत्येकाचा डोळाही लागतो म्हणून खण लपत नाही. शेजाऱ्याचे दुखणे ज्याला न सांगता कळते, त्याला शेजाऱ्याचे गुपितही न सांगता कळते. आपल्याला शहरात बसून पहिले हवे असते आणि दुसरे नको असते. तशी निवड लहान गावात करता येत नाही. माडगूळकर यावर भाष्य करीत नाहीत. ते प्रसंग मांडतात आणि बाजूला होतात. हा संयम त्यांच्या काळच्या ग्रामीण लेखनात विरळाच होता.

एवढे मानूनही ‘बनगरवाडी’वर एक आक्षेप घ्यावासा वाटतो. तिच्यातला निवांतपणा कुठून येतो? मास्तर परका आहे. त्याला पगार आहे आणि बदली आहे. शेकूकडे एकच बैल उरतो, तेव्हा जुवाच्या दुसऱ्या टोकाला त्याची बायको स्वतःचा खांदा देते. वाचताना अंगावर काटा येतो. पण त्या बाईच्या खांद्याला रात्री काय वाटले, हे मास्तरला विचारता येत नाही आणि म्हणून आपल्यालाही कळत नाही. पुढे दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात, माणसे गाव सोडून पांगतात आणि मास्तरही जातो. माणसे कुठे गेली, कशी जगली, ते पुस्तक सांगत नाही. शाळेच्या ओसरीवरून जेवढे दिसेल तेवढेच ते दाखवते. हा प्रामाणिकपणा आहे, पण ती मर्यादाही आहे.

ज्याला गाव सोडता येत नाही त्याचे काय, हे पाहायचे तर त्याच साली आलेली गो. नी. दांडेकरांची ‘पडघवली’ उघडावी. इथे कोकण आहे आणि बोलणारी आहे अंबूवहिनी. लग्न होऊन आलेली ही बाई त्या गावाची खरी राखणदार ठरते. एकेक घर ओस पडते, मुंबई एकेकाला ओढून नेते, आणि ही मागे राहून माजघर, अंगण, सणवार सांभाळते. तिच्या बोलण्याचा गोडवा असा की घरात मोठ्याने वाचावे. मात्र त्या गोडव्याने कधीकधी डोळे भरून येऊन पुढचे दिसेनासे होते. मोडले ते सारे चांगलेच होते काय, हा प्रश्न वहिनीला पडायला हवा तितका पडत नाही.

उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मध्ये (१९६०) हा प्रश्न टाळायला जागाच नाही. वऱ्हाडातल्या एका शिंप्याच्या घरची कौतिक ही तिची नायिका. नवऱ्याचे कर्तृत्व तोकडे, पुढे त्याला महारोग जडतो, आणि संसाराचा गाडा तिच्या मजुरीवर. तिला टेकडीमागचा सूर्यास्त पाहायला सवड नाही आणि शेळकेही तो मुद्दाम दाखवीत नाहीत. वऱ्हाडी बोलीतले तोडके संवाद, उधारी, चूल, आणि पुन्हा सकाळी कामाचा शोध. शेकूच्या बायकोला जे बोलता आले नाही ते कौतिक बोलते, असे मला वाटते.

तरीही चित्र पुरे होत नाही. गावाच्या वेशीबाहेरही गावच असते. १९४८ साली घटनासमितीत डॉ. आंबेडकरांनी खेड्याचे गुणगान साफ नाकारले, तेव्हा अनेकांना ते कठोर वाटले. त्यामागे काय होते ते मराठी वाचकाला दया पवारांच्या ‘बलुतं’ने (१९७८) घरात आणून दाखवले. निरोप पोचवायचा, मेलेले जनावर ओढायचे, आणि बदल्यात दारोदार भाकरी मागायची. कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ सालच्या कायद्याने रद्द झाली. माणसांच्या मनातली कधी झाली हे ज्याने त्याने आपल्या गावापुरते तपासावे. लहान गावात प्रत्येक जण हवा असतो, असे वर म्हटले. ‘बलुतं’ वाचल्यावर त्या वाक्यापुढे विचारावे लागते, कशासाठी हवा? कामासाठी हवा असणे आणि पंगतीला हवा असणे यांत फार अंतर आहे.

मग त्या दिवाळीतल्या सुस्काऱ्याचे काय करावे? तो टाकू नये असे मी म्हणणार नाही. एकमेकांचे हात लागून उभी राहिलेली तालीम ही खरी गोष्ट आहे, आणि सदनिकेच्या बंद दारामागे राहणाऱ्या आपल्याला तिची आठवण येणे गैर नाही. परंतु ‘बनगरवाडी’ एकटीच वाचून गावी निघू नये. या सुट्टीत ही चारही पुस्तके घरात आणावीत. आजी घरात असेल तर ‘पडघवली’ची पाने तिला वाचून दाखवावीत, आणि तिचे डोळे पुसून झाले की हळूच विचारावे, ‘‘आजी, तुमच्या गावात वेशीबाहेर कोण राहायचे? त्यांना पाणी कुठले?’’ ती थोडा वेळ गप्प बसेल, आणि मग जे सांगेल ते नीट ऐकून घ्यावे.