शिखर आणि स्ट्रेचर

गिर्यारोहणाच्या वाङ्मयात एक माणूस नेहमी चौकटीबाहेर राहिलेला आहे. शिखरावर निशाण रोवणारा आपल्याला दिसतो, त्याचा दोर धरणारा जोडीदार दिसतो, आणि ओझे वाहणारा शेर्पाही आता दिसू लागला आहे. पण पडलेल्याला स्ट्रेचरवर बांधून रात्रीच्या पावसात खाली आणणारा माणूस? त्याच्या वाट्याला चार ओळी आल्या तर आल्या! ब्रिटनमध्ये या माणसाला दोर, कंदील आणि गाडी मिळावी म्हणून लोक डोंगरांतून धावतात आणि वर्गणी गोळा करतात. त्या धावण्यावर पुस्तकेही निघाली आहेत. दिवाळीच्या फराळाबरोबर हा विषय थोडा अवघड वाटेल. पण वाचक चिवट असतात, असा माझा अनुभव आहे.

आधी तिकडची रीत सांगितली पाहिजे. इंग्लंड-वेल्समध्ये डोंगरात कोणी पडला, की निरोप पोलिसांकडे जातो आणि पोलीस जवळच्या बचावपथकाला बोलावतात. या पथकात मास्तर असतो, सुतार असतो, डॉक्टर असतो, मेंढपाळ असतो. हातातले काम टाकून ही मंडळी निघतात. त्यांना वेतन नाही, आणि ज्याला वाचवले त्याच्याकडून एक पैसाही घ्यायचा नाही, असा दंडक आहे. हेलिकॉप्टर सरकारी असते हे खरे; पण दोर, रेडिओ, मोटार, स्ट्रेचर हे सारे मुख्यतः देणग्यांतून येते. म्हणून गावच्या दुकानात गल्ल्याशेजारी त्यांचा डबा असतो, आणि म्हणूनच कोणी हौशी गडी आपल्या इष्टमित्रांना सांगतो, ‘मी इतकी शिखरे धावतो, तुम्ही शिखरामागे इतके द्या.’ काही पथके स्वतःच शर्यती भरवतात.

या धावण्याचे मूळ पाहायचे तर लेक डिस्ट्रिक्टमध्ये, वर्ड्‌स्वर्थच्या त्या सरोवरप्रांतात गेले पाहिजे. तेथल्या उघड्याबोडक्या डोंगरांना ‘फेल’ म्हणतात. केझिक गावात पाहुण्यांची उतारशाळा चालवणाऱ्या बॉब ग्रॅहॅम नावाच्या गृहस्थाने 1932 साली चोवीस तासांच्या आत 42 शिखरे पायाखाली घातली. साधे कॅनव्हासचे बूट आणि खिशात काही खाऊ, एवढाच थाट! पुढे 1968 मध्ये जेरी चार्नली यांनी दोन दिवसांची डोंगरी मॅरेथॉन सुरू केली. तिच्यात जोडीजोडीने धावायचे. तंबू, शिधा, नकाशा, होकायंत्र सारे पाठीवर. वाट ज्याची त्याने शोधायची. आपला भार दुसऱ्यावर पडू द्यायचा नाही, हा या शर्यतीचा सारा धर्म.

ग्रॅहॅम ज्या केझिकचा, त्याच केझिकमध्ये बचावपथकाचाही जन्म झाला. 1946 साली ग्रेट गेबल या डोंगरावर विल्फ्रिड नॉइस नावाचा शाळामास्तर कड्यावरून पडला आणि त्याचा पाय मोडला. साठीच्या घरातले कर्नल वेस्टमोरलंड आणि जमतील तेवढी माणसे, यांनी रात्रभर खपून त्याला खाली आणले. ही धांदल कर्नलसाहेबांच्या मनाला लागली. असे आयत्या वेळी माणसे गोळा करून भागायचे नाही, हे ओळखून त्यांनी पथक उभारले. आणि नॉइस? तोच नॉइस 1953 मध्ये हंटच्या तुकडीबरोबर एव्हरेस्टवर गेला, अन्नुल्लू शेर्पाला घेऊन साउथ कोलपर्यंतची वाट त्याने उघडली, आणि 1954 मध्ये त्याने ‘साउथ कोल’ हे पुस्तक लिहिले. तेनसिंग आणि हिलरी ही नावे आपल्या घरातल्या पोरांनाही पाठ आहेत. वेस्टमोरलंड हे नाव किती जणांनी ऐकले असेल? गेबलच्या पायथ्याशी ती रात्र वाया गेली असती, तर त्या पुस्तकाचा लेखक तरी कोठून मिळता?

आता पुस्तकांकडे वळू. रिचर्ड आस्कविथ या पत्रकाराचे ‘फीट इन द क्लाउड्स’ (2004) हे डोंगरधावेवरचे बहुधा सर्वांत गाजलेले पुस्तक. ग्रॅहॅमची ती फेरी पुरी करण्यासाठी लेखकाने पुनःपुन्हा केलेल्या खटपटीची ही कथा. पुस्तक रसाळ आहे यात शंका नाही. वाझडेलचा मेंढपाळ जॉस नेलर याच्यासारख्या माणसांविषयी लेखक बोलू लागला की वाक्ये ताजी होतात, आणि स्वतःच्या गुडघ्यांविषयी बोलू लागला की मला पाने उलटावीशी वाटतात. (नेलरने 1975 मध्ये चोवीस तासांत 72 शिखरे गाठली, आणि सत्तराव्या वर्षी, 2006 मध्ये, पुन्हा 70. हा गृहस्थ 2024 मध्ये वारला.) हा दोष एकट्या आस्कविथचा नव्हे. वर्गणीसाठी धावणाऱ्यांची टिपणे पाहावीत तर सगळीकडे ‘मी’चा सुकाळ! माझे फोड, माझी उलटी, माझे अश्रू. ज्याच्यासाठी पैसे मागायचे तो स्ट्रेचरवाला शेवटच्या परिच्छेदात आभारापुरता येतो. हौसेने ओढवून घेतलेले दुःख आणि कपाळी आलेले दुःख यांतला फरक ज्या गद्याला कळत नाही, ते कितीही घामाने भिजलेले असले तरी कोरडेच राहते.

येथे कोणी म्हणेल, मुळात हे धावणेच ढोंग आहे. जे पथकासाठी पैसे जमवतात तेच पथकाला कामाला लावतात. ऑक्टोबर 2008 मधल्या बॉरोडेलच्या शर्यतीचा दाखला यासाठी नेहमी दिला जातो. सुमारे अडीच हजार धावक डोंगरात होते, वादळ आले, ओढे फुगले, शर्यत थांबवावी लागली, आणि शेकडो माणसे बेपत्ता झाल्याचा गवगवा झाला. पण बहुतेक जण ‘बेपत्ता’ नव्हतेच. कोणी पाठीवरचा तंबू ठोकून आत निजले होते, कोणी चालत खाली उतरले होते. अखेर सगळ्यांचा पत्ता लागला. पथकांना धावपळ झाली हे मान्य करूनही, चार्नलीचा तो ‘पाठीवरचा तंबू’ उपयोगी पडला हे नाकारता येत नाही.

माझ्या मते या धावण्याला ढोंग म्हणणे अन्याय आहे. पैसे तर लाडू विकूनही जमतात. पण धुक्यात, मध्यरात्री, ओल्या दगडांवरून जो धावला, त्याच्या तळव्यांना ती जमीन ठाऊक असते. त्याच जमिनीवरून आठ जणांनी एक स्ट्रेचर वाहून नेणे म्हणजे काय, हे त्याला कोणी समजावून द्यावे लागत नाही. हे ज्ञान लेखनात उतरत नाही, एवढीच तक्रार.

ते उतरलेले पाहायचे तर हॅमिश मॅकिनस यांचे ‘कॉल-आउट’ (1973) वाचावे. स्कॉटलंडमधल्या ग्लेनको येथे 1961 मध्ये पथक स्थापन करणारा हा माणूस. घडीचे धातूचे स्ट्रेचर त्याने स्वतः बनवले. त्याचे गद्य रुक्ष आहे, विनोद कोरडा आहे, भाषेचा डौल म्हणाल तर नाही. पण निरोप आला, निघालो, शोधले, आणले, कधी जिवंत, कधी नाही, असे सांगताना तो आपला आवाज चढवत नाही. आपल्याकडे गोनीदांनी गड दाखवले, लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारखी मंडळी त्याच सह्याद्रीच्या दऱ्यांत विनावेतन उतरतात, त्यांच्यापैकी कोणी लिहायला बसला तर त्याने मॅकिनसचा हा संयम जरूर पाहावा. दोहोंपैकी एकच पुस्तक घरात आणायचे झाल्यास ‘कॉल-आउट’ आणावे. आस्कविथ मागाहून, सुट्टीत वाचायला, हरकत नाही.