मुलांची सुटी, एका दिवसाची सहल आणि आपले ललित गद्य

मराठी प्रवासलेखनाचा विचार करू लागले म्हणजे दोन वाटा ठळकपणे दिसतात. पहिली वाट लांबची. गोडसे भटजींनी १८५७ च्या धामधुमीत उत्तरेकडे केलेल्या प्रवासापासून ती निघते, अनंत काणेकरांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’वरून जाते आणि पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’ (१९६०) व ‘पूर्वरंग’ (१९६३) ह्या पुस्तकांपाशी येऊन रुंदावते. गोडसे भटजींबरोबर काका होते, पु. लं.बरोबर सुनीताबाई होत्या. पण ह्या वाटेने मुलेबाळे घेऊन निघालेला प्रवासी आम्हांस सहसा आढळत नाही. दुसरी वाट जवळची, म्हणजे आजोळची. गदिमांच्या बालगीतातील आगगाडी मुलांना मामाच्या गावाला घेऊन जाते आणि आपल्या ललित गद्यातील सुटीही बहुधा त्याच स्टेशनावर उतरते. विहीर, आंब्याची अढी, ओटी, आजीचा हात, हे सारे तेथे आहे आणि ते खोटे नाही.

ह्या दोन वाटांच्या मध्ये एक लहानशी पायवाट आहे. सकाळी निघावयाचे, संध्याकाळी परतावयाचे. बरोबर दोन लहान मुले, पुऱ्या व बटाट्याच्या भाजीचा डबा, फिरकीचा तांब्या आणि एक सतरंजी. शाळेला सुटी आहे, वडिलांना कशीबशी एक रजा मिळाली आहे आणि राहत्या शहरातलेच काहीतरी पाहावयाचे आहे. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यात एवढा वारंवार येणारा प्रसंग दुसरा क्वचितच असेल. असे असूनही आपल्या ललित गद्यात तो जवळजवळ उतरलेला नाही. ही उणीव किरकोळ आहे, असे आम्हांस वाटत नाही. निदान ह्या अंकाच्या वाचकांना ती तशी वाटू नये.

कारण आमचे बहुतेक वाचक बदलीच्या नोकरीतले आहेत. त्यांच्या मुलांचे बालपण आजोळच्या ओटीवर वर्षातून फार तर महिनाभर जाते. उरलेले अकरा महिने ते दिल्लीत, कलकत्त्यात, हैदराबादेत किंवा भोपाळात जाते. १९५६ साली केंद्र सरकारने आपल्या नोकरांसाठी रजा-प्रवास सवलत सुरू केली ती मूळ गावी जाऊन येण्यासाठी. भारतात कोठेही जाण्याची मुभा नंतरच्या काळात मिळाली. सवलत चांगलीच आहे आणि तिच्यामुळे कित्येक नातवंडांना आजी भेटली. पण नियमाच्या ह्या पहिल्या मांडणीत एक गृहीत दडलेले आहे. ते असे की, सुटी ही ‘आपल्या’ गावची आणि नोकरीचे गाव केवळ नोकरीचे. आपल्या साहित्यानेही नेमके हेच गृहीत धरले आहे. मुलाच्या दृष्टीने मात्र ते खरे नाही. ज्या गल्लीत तो पडतो, खरचटतो आणि सायकल शिकतो, ती गल्ली वडिलांच्या बदलीने मिळालेली असली तरी त्याची स्वतःचीच असते.

आता जे थोडेफार लिहिले गेले आहे त्याकडे वळू. कुटुंबाची सहल मराठीत आली ती मुख्यतः विनोदाच्या दाराने. ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) मधील ‘भ्रमण मंडळ’ हा त्याचा सर्वांत रसाळ नमुना. चाळकऱ्यांचा प्रवासाचा उत्साह आणि पुण्यापर्यंतची मजल ह्यांतील अंतर हाच तेथील हास्याचा झरा आहे. पु. लं.ची थट्टा प्रेमळ आहे ह्यात संशय नाही. पण ती मोठ्यांच्या बेतांची थट्टा आहे. बेत मोठ्यांचा, फजिती मोठ्यांची आणि हसणारेही मोठेच. त्यांच्या पाठीमागून आलेल्या अनुकरणकारांनी प्रेमळपणा सोडून दिला आणि साचा तेवढा उचलला: वेळेवर तयार न होणारी बायको, डब्यातून सांडणारे लोणचे, हटकून चुकणारी गाडी आणि योग्य वेळी रडावयास लागणारे मूल. अशा लेखांत मूल हे सामानातील एक नग असते. फरक इतकाच की ते रडते. पहाटे चार वाजता उठून पुऱ्या लाटणाऱ्या बाईने त्या दिवशी काय पाहिले, का काहीच पाहिले नाही, हा प्रश्न तर ह्या लेखकांना पडतच नाही.

चिं. वि. जोशी ह्यांचे उदाहरण याहून बोलके आहे. चिमणरावांच्या संसारात मुलांना खरोखर जागा आहे. मोरू आणि मैना ही शोभेची मुले नव्हेत. त्यांच्यामुळे घडामोडी होतात. पण चिं. वि. स्वतः बडोद्यास पाली भाषेचे प्राध्यापक होते. सयाजीराव महाराजांनी १८७९ साली उभारलेली कमाठी बाग त्यांच्या नेहमीच्या वाटेवरची. असे असता चिमणरावांचे बिऱ्हाड आपल्या मनात राहते ते पुण्याचे. लेखकाने कोठले गाव निवडावे हा त्याचा अधिकार आहे आणि आम्ही तो नाकारीत नाही. आम्ही नोंदवितो ते एवढेच की, मराठी विनोदाचा एवढा मोठा कारागीर महाराष्ट्राबाहेर राहून लिहीत असतानाही मराठी कुटुंबाची कल्पना पुण्याच्या वेशीबाहेर फारशी रमली नाही.

ह्या सगळ्यात वेगळे उठून दिसते ते विंदा करंदीकरांचे ‘राणीची बाग’ (१९६१) हे बालकवितांचे पुस्तक. तेथे माहिती देण्याची घाई नाही, उपदेश नाही. प्राणी दिसतात ते मुलाच्या तर्काने आणि मुलाच्या कल्पनेने. मुलाचे कुतूहल हेच प्रमाण मानण्याचा जो धीर विंदांनी पद्यात दाखविला, तो आपल्या गद्याने अद्याप दाखविलेला नाही. पण त्या पुस्तकाच्या नावाकडे जरा थांबून पाहावे. भायखळ्याचे हे उद्यान १८६२ साली खुले झाले. आज त्याचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे आहे. तरी मुंबईच्या मुलाच्या तोंडी ‘राणीची बाग’च आहे. पुण्यात प्राणी कात्रजला हलविले जाण्यापूर्वी मुलांच्या तोंडी ‘पेशवे पार्क’ हे नाव होते. ‘प्राणिसंग्रहालय’ हा शब्द आपण पाठ्यपुस्तकासाठी राखून ठेवला. मुलाने वापरावयाचा शब्द म्हणजे त्या त्या जागेचे लाडके नाव. मग दिल्लीत वाढणाऱ्या मराठी मुलाने काय म्हणावे? पुराण्या किल्ल्याच्या कुशीत १९५९ साली सुरू झालेल्या त्या विस्तीर्ण बागेला तो ‘चिडियाघर’ म्हणतो. कलकत्त्याचा मुलगा आलिपूरच्या १८७६ सालच्या बागेला ‘चिडियाखाना’ म्हणतो. दोन्ही शब्द गोड आहेत आणि ते घरात आले म्हणून मराठी बुडत नाही. पण त्या शब्दांभोवती मराठीत एकही गोष्ट नाही, ही खरी अडचण आहे. क्लाइव्हच्या काळातले म्हणून सांगितले जाणारे ‘अद्वैत’ नावाचे प्रचंड कासव २००६ पर्यंत आलिपुरास जिवंत होते. त्याच्यापुढे उभ्या राहिलेल्या मराठी मुलांची संख्या थोडकी नसेल. त्यांच्यापैकी कोणाचे आश्चर्य मराठीत नोंदले गेल्याचे आमच्या वाचनात नाही.

नोंद होते ती कशी होते, हेही सांगितले पाहिजे. महाराष्ट्राबाहेरील मराठी नियतकालिकांतून सहलीचे लेख येतात आणि ते पुष्कळ येतात. त्यांचा नमुना ठरलेला आहे. आरंभी निघण्याची गडबड; मग स्थळाचा इतिहास, कोणत्या बादशहाने बांधले, किती वर्षे लागली, घुमट किती उंच; मग भोजन; आणि शेवटून दुसऱ्या वाक्यात ‘मुलांनीही खूप मजा केली.’ आमचा सारा आक्षेप ह्या एका वाक्यावर आहे. मजा म्हणजे नेमके काय? दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात पतियाळा संस्थानची एकाच रुळावर चालणारी आगगाडी ठेवलेली आहे; तिचे एक मोठे चाक रस्त्यावरून धावत असे. ह्या गाडीपुढे सहा वर्षांचे मूल उभे राहिले तर ते काय विचारील? दुसरा रूळ कोणी चोरला, असे विचारील काय? की गाडीकडे पाठ करून ते बागेतल्या नळाखाली हात धरून बसेल आणि वडील मनातल्या मनात तिकिटाचे पैसे मोजतील? मोठ्यांनी आखलेले दर्शन आणि मुलाने निवडलेले दर्शन ह्यांत जी ओढाताण होते, ती ह्या प्रसंगाचा गाभा आहे. ‘खूप मजा केली’ ह्या वाक्याने लेखक नेमकी तीच झाकून टाकतो. माहिती खोटी असते असे नाही; ती मार्गदर्शिकेतही मिळते, म्हणून ती लेखाला पुरत नाही.

ह्यावर कोणी म्हणेल की विषयच लहान आहे. डबा आणि नळ ह्यांतून साहित्य ते काय निघणार? ह्या शंकेचे उत्तर रवीन्द्रनाथांच्या ‘जीवनस्मृति’त (१९१२) आहे. मुंज झाल्यानंतर लहानगा रवी वडिलांबरोबर बोलपुरास, अमृतसरास आणि पुढे डलहौसीच्या पहाडात जातो. त्या प्रकरणात हिमालय आहेच. पण वाचकाच्या मनात राहतात ते बोलपूरच्या घळीतून वस्त्रात भरून आणलेले खडे. देवेन्द्रनाथांनी ते खडे क्षुल्लक मानले नाहीत. त्यांचे कौतुक केले आणि आणखी आणावयास उत्तेजन दिले. आपल्या मौल्यवान सोन्याच्या घड्याळाला किल्ली देण्याचे काम त्यांनी मुलाकडे सोपविले. मुलाने ते इतक्या उत्साहाने केले की घड्याळ दुरुस्तीसाठी कलकत्त्यास धाडावे लागले. एवढासाच मजकूर, पण त्यात एक बाप, एक मुलगा आणि त्या दोघांतील विश्वास उभा आहे. विषय लहान नसतो. पाहणाऱ्याने तो लहान मानलेला असतो.

मग मराठी घरांत असे बालपण कोणाला लाभलेच नाही काय? लाभले, आणि ते लिहिलेही गेले. काकासाहेब कालेलकर १८८५ साली साताऱ्यास जन्मले. वडील सरकारी नोकरीत. त्यांच्या मागोमाग मुलगाही गावोगाव हिंडला. कारवारचा समुद्र, नवी घरे, नव्या भाषा, प्रवासातील मुक्काम ह्यांचे जे चित्रण ‘स्मरणयात्रे’त आहे, ते बदलीच्या नोकरीतील मराठी मुलाचे उत्कृष्ट आत्मकथन म्हणावे लागेल. मात्र हे पुस्तक मुळात गुजरातीत लिहिले गेले. काकासाहेबांची ती कर्मभाषा होती आणि गुजरातीला त्यांनी जे दिले त्याबद्दल मराठी माणसाने खंत करण्याचे कारण नाही. तरीही ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. ज्या मुलाच्या अनुभवासाठी भाषेत जागा केलेली नसते, तो मोठेपणी दुसऱ्या भाषेत लिहील आणि तेथे सुखाने नांदेल. उणीव राहील ती मागे राहिलेल्या भाषेत. आज दिल्ली-हैदराबादेत वाढणारी आमची मुले उद्या आपल्या बालपणाविषयी लिहितील तेव्हा कोणत्या भाषेत लिहितील, हा प्रश्न आम्ही भावनेच्या भरात विचारीत नाही. ज्या भाषेत त्यांनी त्या दिवसाची गोष्ट पहिल्यांदा ऐकली असेल, ती भाषा त्यांना जवळची वाटेल, असा आमचा साधा हिशेब आहे.

बंगाली समाजाकडे पाहिले की हा हिशेब पटतो. आपली दिवाळीची सुटी तशी त्यांची पूजेची. आणि त्या सुटीभोवती त्यांनी वाङ्मय उभे केले. सत्यजित राय ह्यांचा फेलूदा १९६५ साली ‘संदेश’ ह्या मुलांच्या मासिकात प्रथम आला तोच दार्जिलिंगच्या मुक्कामात. कथा सांगतो तो त्याचा लहान चुलतभाऊ. पुढे ‘सोनार केल्ला’ (१९७१) आणि त्यावरील १९७४ चा चित्रपट ह्यांनी असा चमत्कार केला की राजस्थानातील जैसलमेरचा किल्ला बंगाली घरांत आपल्या बंगाली नावाने ओळखला जाऊ लागला. परमुलुख आपल्या भाषेत आणावयाचा तो असा. आपणही अटकेपार गेल्याचे सांगतो. पण तेथल्या एखाद्या बागेला मराठी मुलाच्या तोंडचे नाव काही आपण दिले नाही.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. घरच्या सहलीवर लिहिणाऱ्याने तीन गोष्टी सांभाळाव्यात. जागेची माहिती मुलाच्या डोळ्यांपुढून जाईल तेवढीच द्यावी. मुलाने काय पाहिले आणि काय पाहण्याचे नाकारले, हे ‘मजा’ शब्दाचा आश्रय न घेता सांगावे. आणि डबा भरणाऱ्या हाताला त्या दिवशी डोळेही होते, हे विसरू नये. ते डोळे लिहू लागले तर फारच उत्तम. विनोदास आमची मनाई नाही; फक्त तो मुलाच्या जिवावर नसावा.

उत्तरेकडे मे-जूनच्या उन्हात सहली होत नाहीत आणि त्या दिवसांत बहुतेक बिऱ्हाडे गावीच असतात. खऱ्या सहली होतात त्या नाताळच्या सुटीत, कोवळ्या उन्हात. त्या सुटीनंतरच्या अंकासाठी असे लेख आमच्याकडे आले तर आम्ही ते आनंदाने वाचू. लेखकाचा हुद्दा कळविण्याची आवश्यकता नाही. बरोबर नेलेल्या मुलांची वये मात्र जरूर कळवावीत.