‘लाइन’ आणि ‘मार्गिका’

उसन्या शब्दांची चिकित्सा आपल्याकडे बहुधा दोन टोकांवरून होते. एक पक्ष त्यांना आक्रमण मानतो, दुसरा सोय म्हणून स्वीकारतो. मराठीत आल्यावर शब्दाने नेमके काय केले, ही तपासणी मात्र मागे पडते. ‘लाइन’ हा शब्द या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. तिच्यामागून आलेल्या अनेक शब्दांत हाही असावा. मराठीने त्यास स्त्रीलिंग दिले, ‘लाइनी’ असे अनेकवचन दिले, ‘लाइनीत’ असे विभक्तिरूप दिले. रेघ, ओळ, रांग यांच्या पंक्तीस तो बसला; पण त्यांची जागा त्याने सरसकट घेतली नाही. पाटीवर अजून रेघच ओढली जाते, कवितेची ओळच असते. रांगेशी तेवढी त्याची स्पर्धा आहे. पाण्याची लाइन फुटते, फोनची लाइन लागत नाही, पोलीस लाइनीत घरे असतात, मुलगा ‘कोणत्या लाइनीत’ आहे असे विचारले जाते. ‘लाइन मारणे’ हा प्रयोग शिष्ट नसला तरी कोशातून गाळता येणार नाही.

‘लाइनीवर आणणे’ याचे मूळ केवळ इंग्रजीत शोधणे मात्र अपुरे होय. ‘सुतासारखा सरळ करणे’ हा वाक्प्रचार आपल्याकडे आधीच होता. लॅटिन ‘लिनेआ’ म्हणजे जवसाच्या धाग्याची दोरी. संस्कृत ‘सूत्र’ म्हणजे धागा आणि नियमही. दोन्हीकडे धाग्यापासून शिस्तीकडे अर्थ सरकला आहे. म्हणूनच हा उसना प्रयोग मराठीस परका वाटला नाही.

आता प्रतिशब्दाकडे वळू. मुंबई-नाशिक महामार्ग, घोडबंदर रस्ता आणि मेट्रोचा उन्नत मार्ग ज्या माजिवड्यात एकत्र येतात, तेथे शासकीय व वृत्तपत्रीय मराठीतील ‘मार्गिका’ या शब्दाची परीक्षा होते. मेट्रोची लाइन ती मार्गिका. २०२२ साली सुरू झालेली ठाणे-दिवा दरम्यानची पाचवी-सहावी लाइन, तीही मार्गिका. आणि उड्डाणपुलावरील वाहनांचा पट्टा, तोही मार्गिकाच. ‘माजिवड्याजवळ मार्गिका बंद’ एवढेच वाचून प्रवाशाने गाडीचा रस्ता बदलावा की मेट्रोचा नाद सोडावा? बोलीत ही अडचण नाही; तेथे एक ‘लाइन’, दुसरी ‘लेन’. अनेकार्थता हा इंग्रजी शब्दाचा दोष मानून जो संस्कृत शब्द घडविला, त्याने बोलीतील स्पष्ट भेदही पुसून टाकला.

शब्द अनेकार्थी असण्यास हरकत नाही; संदर्भ तो भार सहज वाहतो. परंतु तिन्ही अर्थ वाहतुकीचेच असल्यावर संदर्भ निरुपायी होतो. रुळांसाठी ‘लोहमार्ग’ हा शब्द पूर्वीपासून आहे, मेट्रोस नुसता ‘मार्ग’ पुरतो. ‘मार्गिका’ रस्त्यावरील पट्ट्यापुरती राखावी, आणि कोशकारांनी ‘लाइन’ची नोंद तिच्या मराठी अर्थांसह करावी.