स्वयंचलित कार्यप्रवाहाचा आरंभ : कर्ता आणि करविता

प्रस्तावना

संगणकीय स्वयंचलनाची चर्चा बहुधा काम कसे पार पडते या प्रश्नाभोवती फिरते. ते काम सुरू कोण करतो, हा प्रश्न तांत्रिक तपशील समजून बाजूला ठेवला जातो. वस्तुतः आरंभाची पद्धती ठरते तेव्हाच कामामागील अधिकार व उत्तरदायित्व यांचीही वाटणी होते. मराठीत 'कर्ता' आणि 'करविता' असा अर्थपूर्ण भेद आहे. प्रस्तुत लेखात या भेदाच्या आधारे क्रॉन व गिटहब अॅक्शन्स या दोन व्यवस्थांतील आरंभाच्या परिभाषेची चिकित्सा केली आहे.

घड्याळाने होणारा आरंभ

युनिक्सच्या १९७९ मधील सातव्या आवृत्तीतील क्रॉन दर मिनिटाला जागा होई, कोष्टक पाही आणि वेळ झालेले काम सुरू करी. मिनिट, तास, तारीख, महिना व वार ही पाच घरे, एवढीच त्याची भाषा. तिचा संक्षेप स्तुत्य आहे. परंतु संक्षेपाबरोबर संदिग्धताही येते. '० ९ १३ * ५' ही ओळ वाचणाऱ्याला १३ तारखेच्या शुक्रवारी सकाळी ९ वाजता असा अर्थ वाटेल. पॉझिक्स मानकानुसार मात्र ते काम प्रत्येक १३ तारखेला आणि शिवाय प्रत्येक शुक्रवारी होते. तारीख व वार दोन्ही दिले की त्यांच्यातील 'आणि'चा 'किंवा' होतो; ओळीत त्याची कोणतीही खूण नसते.

अधिक गंभीर उणीव कर्त्याची आहे. घड्याळ हे निमित्त असते, करविता नव्हे. गिटहब अॅक्शन्समध्ये नियोजित कामाच्या सूचना वेळापत्रकाची ओळ शेवटी बदलणाऱ्या व्यक्तीकडे जातात. म्हणजे मूळ काम एकाने लिहिले आणि दुसऱ्याने केवळ तास बदलला, तर पुढील सूचनांचा धनी दुसरा. ही सोय व्यवहार्य असली, तरी उत्तरदायित्वाचा प्रश्न ती सोडवीत नाही.

घटनेने होणारा आरंभ

२०१९ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या गिटहब अॅक्शन्सने घटनेला केंद्रस्थान दिले. कोणी संहिता पाठविली, बदलाची विनंती केली, की कार्यप्रवाह सुरू होतो. जुलै २०२० मध्ये 'वर्कफ्लो_डिस्पॅच' या घटनेद्वारे माणसाने स्वतः आरंभ करण्याची सोय आली. येथे कर्ता स्पष्ट असतो. एका कार्यप्रवाहाने आपल्या अंगभूत टोकनाने केलेल्या कृतीतून, काही अपवाद वगळता, दुसरा कार्यप्रवाह सुरू होत नाही. आपल्या तर्कशास्त्रात ज्याला अनवस्थादोष म्हणतात, त्याचे हे विचारपूर्वक केलेले निवारण आहे.

तथापि ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या 'पुल_रिक्वेस्ट_टार्गेट' या घटनेत या परिभाषेचा मर्मभेद होतो. बाहेरील व्यक्तीच्या सामान्य विनंतीला गोपनीय किल्ल्या मिळत नाहीत. या घटनेत मात्र कार्यप्रवाह मूळ प्रकल्पाच्या अधिकाराने चालतो. त्याने पाहुण्याची संहिता उचलून चालविली, तर करविता परका आणि अधिकार यजमानाचा, अशी स्थिती होते. मार्च २०२५ मध्ये 'टीजे-अॅक्शन्स' मधील एका घटकात फेरफार होऊन तो वापरणाऱ्या प्रकल्पांच्या किल्ल्या नोंदींत उघड झाल्या. तपासाची साखळी मागे जात डिसेंबर २०२४ मध्ये 'स्पॉटबग्स' प्रकल्पात झालेल्या याच घटनेच्या गैरवापरापर्यंत पोहोचली. 'पुल_रिक्वेस्ट' आणि 'पुल_रिक्वेस्ट_टार्गेट' या नावांत एका शब्दाचे अंतर आहे. अधिकारात मात्र घरच्या माणसाचे व परक्याचे. धोक्याचा इशारा दस्तऐवजांत आहे, नावात नाही. लिहिणारा घाईत नावच वाचतो, हे परिभाषा घडविणाऱ्यांनी गृहीत धरावयास हवे होते.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, या दोन्ही व्यवस्था 'केव्हा' या प्रश्नाचे उत्तर काटेकोरपणे देतात. 'कोणाच्या अधिकाराने' हे मात्र वाचकाने अनुमानाने ओळखावे लागते. स्वयंचलन म्हणजे कर्त्याचा लोप नव्हे. करविता दृष्टीआड होणे एवढाच त्याचा अर्थ. संगणकशास्त्राच्या अध्यापनात आरंभाची ही ओळ केवळ वाक्यरचना म्हणून शिकविली जाऊ नये. प्रत्येक कार्यप्रवाहाबाबत विद्यार्थ्याला तीन प्रश्न विचारण्याची सवय लावावी : हे कोण सुरू करू शकतो, ते कोणाच्या अधिकाराने चालेल, आणि बिघडले तर उत्तर कोण देईल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळत नसेल, तर ते काम अद्याप सुरू करण्यायोग्य झालेले नाही, असेच समजावे.