‘स्मृतिचित्रे’तील मंडळी

काही ग्रंथांची कीर्तीच त्यांच्या वाचनाच्या आड येते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ हा असा ग्रंथ आहे. १९३४ ते १९३६ या काळात तो चार भागांत प्रसिद्ध झाला. पुढे त्यातील वेचे क्रमिक पुस्तकांत आले आणि लक्ष्मीबाई म्हणजे निर्मळ विनोद, घरगुती भाषा व विक्षिप्त पतीशी केलेला सोशिक संसार, असे समीकरण मराठी मनात कायमचे बसले. हे समीकरण खोटे नाही. पण ते अपुरे आहे. या ग्रंथात पतिपत्नींच्या कथेच्या पोटात दुसरी एक कथा आहे. ती आहे एका लहानशा ख्रिस्ती मंडळीच्या रोजच्या जगण्याची, आणि त्या जगण्यात पुढारीपण कोणाच्या वाट्याला व कोणत्या वाटेने येते याची. या दुसऱ्या कथेकडे टीकाकारांचे जावे तितके लक्ष गेलेले नाही.

आरंभी ‘मंडळी’ या शब्दाकडेच पाहावे. बायबलाच्या मराठी भाषांतरकारांनी ख्रिस्ती उपासकांच्या समुदायाला हा शब्द योजिला आणि प्रमुखाला ‘पाळक’ म्हटले. पण मराठीत मंडळी म्हणजे घरातील माणसे. मंडळी म्हणजे पंक्तीला बसलेले पाहुणे. आणि जुन्या पिढीच्या संकोची बोलण्यात ‘आमची मंडळी’ म्हणजे खुद्द बायको! एका धर्मसंस्थेचे नाव म्हणून आलेला हा शब्द आपल्याबरोबर घर, पंगत आणि गृहिणी घेऊन आला. भाषांतरकारांच्या हे मनात असो वा नसो, ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मात्र या शब्दाचे सारे अर्थ एकमेकांत मिसळलेले दिसतात. टिळकांची मंडळी आणि मंडळीतील टिळक ही दोन चित्रे तेथे वेगळी काढता येत नाहीत.

ही मंडळी कोणती, हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ च्या अखेरीस सुरू झाले. याच मिशनचे ‘ज्ञानोदय’ हे पत्र १८४२ मध्ये निघाले. मिशन काँग्रिगेशनल पंथाचे होते. म्हणजे तत्त्वतः प्रत्येक स्थानिक मंडळीने आपला कारभार आपण पाहावा, असा त्यांचा दंडक. व्यवहारात शाळा, बोर्डिंगे, दवाखाने आणि उपदेशकांचे पगार या सर्वांची किल्ली मिशनऱ्यांच्या हाती होती. सभासदांपैकी पुष्कळसे महार व मांग समाजांतून आलेले. थोडे इतर जातींतले. आणि ब्राह्मण तर मोजकेच. १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी आणि त्या सुमारास सुरू झालेल्या प्लेगने मिशनच्या आश्रयाला अनाथ मुलांची रीघ लागली. अशा समुदायात वतनदारी नाही, जातपंचायत नाही, वडिलोपार्जित मान नाही. मग कोणाचे ऐकायचे आणि का ऐकायचे? पगार देणाऱ्याचे, विद्वानाचे, की वेळेला धावून येणाऱ्याचे? हा प्रश्न तेथे रोज उठत असला पाहिजे. त्याचे उत्तर मिशनच्या कागदपत्रांत मिळण्यापेक्षा लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघरात अधिक मिळते, असे माझे म्हणणे आहे.

तुलनेसाठी बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ घ्यावे. १८८८ साली निघालेले हे आत्मचरित्र मराठीतील या प्रकारच्या आरंभीच्या ग्रंथांपैकी एक. त्याचा सारा भर एका बुद्धिमान तरुणाच्या मनातील खळबळीवर आहे: कोणते ग्रंथ वाचले, कोणते वाद झाले, कोणती शंका कशी फिटली. बाप्तिस्मा हे त्या चरित्राचे शिखर आहे. लक्ष्मीबाईंच्या ग्रंथात बाप्तिस्मा हे शिखर नव्हे. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस झाला. ग्रंथाच्या दृष्टीने ती आपत्ती आहे, आणि खरी गोष्ट तिच्यापासून पुढे सुरू होते. स्वतः लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० सालचा. तोही वादात जिंकल्याहरल्याचा परिणाम म्हणून येत नाही, वर्षानुवर्षांच्या सहवासाचा शेवट म्हणून येतो. पदमनजींनी धर्म कसा पटतो हे सांगितले, लक्ष्मीबाईंनी तो कसा अंगवळणी पडतो हे सांगितले. मंडळीचे नेतृत्व समजून घ्यायचे तर ही दुसरी गोष्ट अधिक उपयोगाची आहे. पटलेले मत माणसाला व्यासपीठावर नेते. एका विहिरीच्या पाण्याने चारचौघांचा स्वयंपाक करण्याची सवय मात्र त्याला मतापेक्षा फार सावकाश लागते.

या सवयीचा इतिहास ग्रंथात मोठ्या क्रमाने आलेला आहे. जलालपूरच्या माहेरी वडिलांचे सोवळे असे की मीठ-साखरही धुऊन घ्यावी. १८५७ च्या धामधुमीत घरावर आलेल्या आपत्तीनंतर त्यांच्या मनाने घेतलेली ही धास्ती लक्ष्मीबाईंनी हसत हसत रंगविली आहे. पण ते हसू वरवरचे नाही, कारण तेच सोवळे त्यांच्याही अंगात मुरलेले होते. ताटातुटीची काही वर्षे पंढरपुरास काढून त्या पतीकडे नगरला राहावयास आल्या, तेव्हाही त्यांनी आपला शिवाशिवीचा नियम सोडला नाही. वेगळी चूल, वेगळे पाणी. ख्रिस्ती वस्तीच्या मध्यावर एक ब्राह्मणी बेट! टिळकांनी ते बेट बळाने बुडविले नाही, हे त्यांच्या श्रेयाच्या बाजूला मांडले पाहिजे. ते बेट लक्ष्मीबाईंनी स्वतःच, एकेक पाऊल टाकीत, आणि अखेरीस राहुरीच्या मुक्कामात पुष्कळ विचार करून सोडले. जात देवाने केलेली नाही, माणसाने केली आहे, हा त्यांचा निष्कर्ष कोणत्याही प्रवचनाचा प्रतिध्वनी नव्हे.

येथेच त्यांच्या नेतृत्वाचे बीज आहे, असे मला वाटते. मंडळीतील विद्वान पुढाऱ्यांनी जातिभेद तत्त्वतः आधीच टाकलेला होता. पण तो टाकताना माणसाला काय काय सोसावे लागते, कोणती किळस गिळावी लागते, कोणती लाज वाटते, हे सगळ्यांच्या देखत भोगलेली बाई एकच. मंडळीत नव्याने येणाऱ्या घाबरट माणसाला उपदेशकापेक्षा अशा बाईचा आधार अधिक वाटावा यात नवल नाही. तिने परीक्षा आधी दिलेली होती.

आता टिळकांचे नेतृत्व पाहू. १९२३ साली विन्स्लो यांनी लिहिलेल्या इंग्रजी चरित्रात टिळक महाराष्ट्राचे ख्रिस्ती कवी म्हणून उभे राहतात: भक्त, स्वप्नदर्शी, तुकोबांच्या परंपरेतून ख्रिस्ताकडे आलेले. हे चित्र खरे आहे. टिळकांची पदे मराठी मंडळ्यांत आजही गायिली जातात. परदेशी चालींच्या भाषांतरित गीतांशेजारी अभंग-भजनाला मानाची जागा मिळवून देण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. १९१२ पासून मृत्यूपर्यंत ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादनही त्यांनीच पाहिले. मात्र विन्स्लोंच्या चित्रात जे नाही ते ‘स्मृतिचित्रां’त आहे. हाच भक्त घरी शीघ्रकोपी, हिशेबाला कच्चा, हातात आलेले दान करून मोकळा होणारा आणि उद्याची चिंता बायकोवर टाकणारा आहे. लक्ष्मीबाई हे दोष झाकीत नाहीत, आणि त्यांचे भांडवलही करीत नाहीत. टिळकांचे औदार्य हे मंडळीच्या दृष्टीने नेतृत्व होते. त्याच औदार्याची किंमत घरात कोणी व कशी चुकती केली याचा जमाखर्च या ग्रंथाने ठेवला. औदार्य करणारा एक आणि ते निभावणारी दुसरी. अशा दोघांनी मिळून एक पुढारी होतो, हे सत्य चरित्रकाराला सहसा दिसत नाही.

त्या घराची वर्दळ आठवावी. दुष्काळात आणि प्लेगात पोरकी झालेली मुले, शिकायला राहिलेले विद्यार्थी, आजारी माणसे, चुकलेली माणसे. बालकवी ठोमरे काही काळ याच घरी राहिले, आणि तेही आपला धर्म न सोडता. त्या घरात येण्याची अट बाप्तिस्मा ही नव्हती. भूक, आजार किंवा कविता यांपैकी काहीही पुरेसे होते. मंडळीच्या सभेत ठराव कोणते झाले हे ग्रंथ क्वचित सांगतो. कोणाला ताप आला, कोण रुसले, कोणाला काय वाढले हे मात्र तपशिलाने सांगतो. प्रथमदर्शनी हा लेखिकेच्या दृष्टीचा मर्यादितपणा वाटेल. वस्तुतः सत्ता नसलेल्या समुदायाचे राजकारण येथेच चालते. ज्याच्या घराचे दार रात्री ठोठावता येते त्याचा शब्द सकाळी मानला जातो.

लक्ष्मीबाईंच्या विनोदाचाही येथे नव्याने विचार व्हायला हवा. आपल्या टीकेने तो स्वभावविशेष म्हणून वाखाणला. पण तो एक कार्यही करतो. धर्मसमुदायाला दोन रोग जडतात: पुढाऱ्याचे देव्हारे आणि अनुयायांची कुजबूज. लक्ष्मीबाई पतीची फजिती उघड सांगतात, स्वतःची त्याहून अधिक उघड सांगतात, आणि त्यामुळे देव्हाऱ्यालाही जागा उरत नाही, कुजबुजीलाही नाही. त्यांची वाक्ये आखूड, बोलण्याच्या लयीतली. उपदेशाचे वळण आले की त्या तेथेच थांबतात. शाळेचे शिक्षण न लाभलेल्या या लेखिकेची शैली ‘अकृत्रिम’ म्हणून आपण मोकळे होतो. ती अकृत्रिम आहेच. पण तिच्यामागे एक नैतिक शिस्त आहे. स्वतःला मोठे करील अशी एकही जागा तिने वापरलेली नाही.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ स्थापण्याचे ठरविले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र यावेत, ख्रिस्ती धर्म परदेशी पैशाच्या टेकूशिवाय या भूमीत उभा राहावा, ही ती कल्पना. भारतीय ख्रिस्ती नेतृत्वाच्या इतिहासात हे पाऊल मोठे आहे. ते टाकल्यावर त्यांना पुरती दोन वर्षेही मिळाली नाहीत. ९ मे १९१९ रोजी ते गेले आणि दरबार मूळ स्वरूपात फार काळ टिकला नाही. एका तेजस्वी पुरुषावर उभारलेल्या संस्थेचे असे व्हावे हे दुर्दैवाचे असले तरी अनपेक्षित नाही. पुढे वारसा चालला तो निराळ्या वाटेने. टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी हाती घेतले व त्याचे बहुतेक अध्याय स्वतः रचले. कीर्तनाला उभ्या राहून त्यांनी ख्रिस्तकथाही सांगितली. ज्या बाईने एके काळी मंडळीच्या पाण्याचा विटाळ मानला, तीच मंडळीसमोर निरूपण करू लागली. कोणत्याही समितीने तिची नेमणूक केली नव्हती.

असे असूनही या ग्रंथाची एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. मंडळीतील बहुसंख्य माणसे, म्हणजे महार-मांग कुटुंबांतून आलेले ख्रिस्ती, आपल्याला दिसतात ती लक्ष्मीबाईंच्या नजरेने. शेजारी, आश्रित, विद्यार्थी, मदतनीस म्हणून ती येतात आणि जातात. त्यांनी या ब्राह्मण पुढाऱ्यांकडे कसे पाहिले? एका ब्राह्मण बाईचा सोवळेपणा सुटेपर्यंत वाट पाहणे त्यांना कसे वाटले? आपल्यातला माणूस पाळक व्हावा असे त्यांना वाटत होते की नव्हते? ग्रंथ या प्रश्नांशी थांबतो. हा लेखिकेच्या प्रामाणिकपणातील उणेपणा नव्हे. आत्मचरित्र दुसऱ्याच्या मनाची साक्ष देऊ शकत नाही. पण ‘स्मृतिचित्रे’ म्हणजेच त्या मंडळीचा इतिहास, असे मानून आपण स्वस्थ बसलो तर तो उणेपणा आपला ठरेल. मंडळीचा अर्धा इतिहास लिहिला गेला आहे. तो उत्कृष्ट आहे, एवढेच म्हणता येईल.

या ग्रंथाच्या इंग्रजी अनुवादांची नावे या संदर्भात बोलकी आहेत. १९५० च्या जोसेफिन इंक्स्टर यांच्या अनुवादाचे नाव ‘आय फॉलो आफ्टर’, म्हणजे मागोमाग जाणारी. या शब्दांना पौलाच्या पत्राचा संदर्भ असला तरी साध्या वाचकाच्या मनात पतीमागून चालणारी पत्नीच उभी राहते. २०१७ च्या शांता गोखले यांच्या अनुवादाच्या उपशीर्षकात ती बाणेदार पत्नी झाली. दोन अनुवादांत जवळजवळ सत्तर वर्षांचे अंतर आहे. अनुयायी जाऊन बाणेदारपणा आला, पण ‘पत्नी’ काही सुटली नाही. पतीचे चरित्र लिहिता यावे म्हणून मुलाने आठवणी मागितल्या आणि त्यांतून हा ग्रंथ झाला, हे खरे. परंतु ज्या निमित्ताने ग्रंथ लिहिला जातो त्या निमित्तातच तो मावला पाहिजे असे नाही.

नोकरीनिमित्त परप्रांतांत राहणाऱ्या आपल्या वाचकांना या साऱ्याचा अर्थ निराळ्या तऱ्हेने कळावा. टिळकांच्या हाती ‘नवा करार’ आला तो नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत. लक्ष्मीबाई उत्तरायुष्यात काही काळ मुलाजवळ कराचीस होत्या. मराठी मुलखाबाहेर मराठी माणसांचा मेळ कसा बसतो याचा अनुभव आपणांपैकी प्रत्येकाला आहे. बदलीच्या गावात मंडळाचा अध्यक्ष हुद्द्यावरून ठरतो. पण नव्याने आलेल्या कुटुंबाला पहिल्या रात्री जेवायला कोणाकडे न्यायचे हे सर्वांना न सांगता ठाऊक असते. अध्यक्ष बदलतात, बदलून जातात. ते घर मात्र गावाच्या आठवणीत राहते. सभावृत्तांतात त्या घरचे नाव सहसा नसते. लक्ष्मीबाईंनी अशाच एका घराचा वृत्तांत लिहून ठेवला, आणि म्हणून ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना टिळकांइतकेच त्यांच्या मंडळीकडेही पाहावे, त्या शब्दाच्या सगळ्या अर्थांनी.