जालपत्त्यातील नामरूप

मराठी विकिपीडियाने लेखाचे देवनागरी शीर्षकच जालपत्त्यात ठेवले, ही गोष्ट भाषादृष्ट्या महत्त्वाची होय. तिच्यावर नेहमीचा आक्षेप दीर्घतेचा. ‘लातूर’ या नावात युनिकोडची ५ चिन्हे. यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकाचे ३ बाइट, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट शेकडाचिन्हासह ३ वर्णांनी लिहिला जातो. म्हणजे एकूण ४५ वर्ण, ‘नांदेड’चे ५४. आक्षेप खरा, पण गौण; कारण या रूपातून मूळ नाव जसेच्या तसे परत मिळते.

रोमन रूपातून ते मिळत नाही. ‘काल’ व ‘काळ’, ‘वेल’ व ‘वेळ’ तेथे एकच होतात. याहून चिंत्य प्रकार निराळाच आहे. पायथॉन भाषेच्या प्रमाण नमुनाजुळणीत काना, मात्रा, अनुस्वार ही चिन्हे शब्दाचा भाग गणली जात नाहीत. तिच्यावर विसंबून पत्ता घडविणारी आज्ञावली ती गाळून टाकते. मग ‘लातूर’चे ‘लतर’ आणि ‘नांदेड’चे ‘नदड’ होते. (बाराखडी शिकलेले मूलही असे करणार नाही.) स्वरचिन्ह हा अक्षराचा अलंकार, असा भ्रम येथे नियम होऊन बसला आहे.

नावे बदलतातही. ज्या उस्मानाबाद जिल्ह्यातून १९८२ साली लातूर जिल्हा निघाला, तो २०२३ साली धाराशिव झाला. केवळ नावावर उभा असलेला पत्ता पुनर्निर्देशनावाचून अशा वेळी मोडतो. म्हणून मार्गनिश्चिती स्थिर क्रमांकाने व्हावी आणि नाव देवनागरीत, वाचकासाठी, त्यामागून यावे, हेच युक्त दिसते. मग कोणी ‘लातुर’ असे ऱ्हस्व लिहिले तरी पान चुकणार नाही.